खुर्ची क्रमांक दोन

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये 30 संघ आहेत आणि प्रत्येक संघ एका मोसमात 162 सामने खेळतो. मैदानावर डावपेच आखतो तो मॅनेजर. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता सोडायचा, कोणाला किती पैसे द्यायचे हे ठरवतो तो जनरल मॅनेजर. आयपीएलचा लिलाव एक-दोन दिवसांत उरकतो. बेसबॉलमधली देवघेव जवळजवळ वर्षभर चालते. 13 नोव्हेंबर 2020 रोजी मायामी मार्लिन्स या संघाने जनरल मॅनेजर म्हणून किम अँग यांची नेमणूक जाहीर केली. बेसबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी आणि अमेरिकन फुटबॉल या पुरुषांच्या चार मोठ्या लीगांमध्ये या पदावर नेमली गेलेली ही पहिली स्त्री. चारच दिवसांनी त्यांना 52 वर्षे पूर्ण झाली.

त्याआधी अमेरिकेत स्त्रियांनी संघ चालवलेच नव्हते असे नाही. एफा मॅनली यांनी पतीबरोबर नेवार्क ईगल्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ चालवला. 1946 मध्ये तो निग्रो लीगचा विजेता ठरला आणि 2006 मध्ये मॅनलीबाईंना बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. लॉस एंजेलिस लेकर्सच्या जीनी बस यांच्याकडे बास्केटबॉलचा संघ वडिलांमागून आला. मालकी किंवा वारसा हा एक रस्ता झाला. उमेदवारीपासून नोकरीची एकेक पायरी चढत वर जाण्याचा रस्ता निराळा आणि कितीतरी लांबचा. अँग या रस्त्याने गेल्या.

त्यांचा जन्म 1968 चा, इंडियानापोलिसचा. वडील चिनी वंशाचे अमेरिकन, आई थायलंडमध्ये जन्मलेली चिनी वंशाची. पाच बहिणींत किम थोरल्या. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात त्या काठी घेऊन रस्त्यावरचे बेसबॉल खेळत. आपल्या गल्ली क्रिकेटचाच हा भाऊ. त्या अकरा वर्षांच्या असताना वडील वारले. शिकागो विद्यापीठात त्या चार वर्षे सॉफ्टबॉल खेळल्या आणि 1990 मध्ये सार्वजनिक धोरण या विषयात पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा 1972 चा 'टायटल नाइन' कायदा. या कायद्यामुळे अमेरिकी महाविद्यालयांतल्या मुलींच्या खेळांचे चित्र पालटले, आणि त्याचा लाभ झालेल्या पिढीतल्याच त्या.

1990 मध्येच त्या शिकागो व्हाइट सॉक्स या संघात प्रशिक्षणार्थी म्हणून लागल्या. आकडे, करार, नियम हे त्यांचे काम. त्यांचे नाव झाले ते वेतनाच्या लवादात. ज्याची साधारण तीन ते सहा वर्षांची सेवा झाली आहे आणि ज्याचे संघाशी पगारावर एकमत होत नाही, असा खेळाडू लवादाकडे जातो. खेळाडू एक आकडा देतो, संघ दुसरा देतो. दोन्ही बाजूंना मांडणीसाठी एकेक तास, मग खंडनाला थोडा वेळ, आणि लवाद दोनपैकी एकच आकडा उचलतो. मधला मार्ग नाही. त्यामुळे भलताच आकडा लावणारा पक्ष तोंडावर पडतो. सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे खेळाडू समोर बसलेला असतो. संघाची बाजू मांडणाऱ्याला त्याच्या तोंडावर त्याच्या उणिवा मोजाव्या लागतात आणि उन्हाळ्यात हाच खेळाडू आपल्यासाठी जीव तोडून खेळेल अशी आशाही ठेवावी लागते. 1995 मध्ये पिचर (चेंडू फेकणारा) ॲलेक्स फर्नांडेझच्या प्रकरणात अँग यांनी संघाची बाजू मांडली आणि जिंकली. असे प्रकरण लढवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

1997 मध्ये मेजर लीगच्या दोन गटांपैकी अमेरिकन लीगच्या कार्यालयात खेळाडूंच्या व्यवहारांची छाननी केल्यावर 1998 मध्ये जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमन यांनी त्यांना न्यूयॉर्क यँकीजमध्ये सहायक जनरल मॅनेजर म्हणून घेतले. वय 29. त्या वर्षी, त्याच्या पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या वर्षी यँकीजने वर्ल्ड सिरीज ही अजिंक्यपदाची मालिका जिंकली. 1999 मध्ये डेरेक जीटर या संघाच्या लाडक्या खेळाडूने मात्र लवादात याच व्यवस्थापनाला हरवले: संघ म्हणत होता 32 लाख डॉलर, त्याने मिळवले 50 लाख. 2001 च्या अखेरीस अँग लॉस एंजेलिस डॉजर्समध्ये गेल्या, पद पुन्हा सहायकाचेच. 2004 मध्ये तिथला पिचर एरिक गान्ये 80 लाख मागत होता. आदल्या मोसमात शेवटच्या डावातली आघाडी राखण्याच्या 55 पैकी 55 संधी त्याने साधल्या होत्या. तरी लवादाने डॉजर्सचा 50 लाखांचा आकडा उचलला.

2003 मध्ये जनरल मॅनेजरांच्या एका बैठकीच्या वेळी दुसऱ्या संघाच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या चिनी वंशाची उघड टिंगल केली. त्याची नोकरी गेली. पण अँग यांची खरी कोंडी अशा टिंगलीने झाली नव्हती, ती जनरल मॅनेजरपदाच्या सभ्य मुलाखतींत झाली. 2005 मध्ये डॉजर्स, मग सिॲटल, सॅन दिएगो, एंजल्स: मुलाखत होई, कौतुक होई, जागा दुसऱ्याला मिळे. 1999 पासून अशा पदांसाठी अल्पसंख्याक उमेदवारांचा विचार करावा असा लीगचा दंडक होता. काही संघांना नेमणूक करायची होती की नुसती हजेरी लावून घ्यायची होती, अशी शंका यावी इतका हा क्रम ठरीव वाटतो. 2011 ते 2020 त्या लीगच्याच मुख्यालयात वरिष्ठ उपाध्यक्ष होत्या. तिथे त्यांचे वरिष्ठ होते यँकीजचे माजी मॅनेजर जो टोरी.

शेवटी जागा दिली ती जीटरने. तो आता मार्लिन्सचा मुख्य कार्यकारी अधिकारी होता. फेब्रुवारी 2022 मध्ये तो संघ सोडून गेला आणि अँग यांचा पाठीराखा गेला. पहिली दोन वर्षे वाईटच गेली: 2021 मध्ये 67 विजय, 2022 मध्ये 69. मग जानेवारी 2023 मध्ये त्यांनी पाब्लो लोपेझ हा चांगला पिचर मिनेसोटाला देऊन लुईस आराएझ हा फलंदाज आणला. आराएझने .354 सरासरीने मेजर लीगच्या दुसऱ्या गटाचा, नॅशनल लीगचा, फलंदाजीचा मान मिळवला. अँग यांनी नेमलेला मॅनेजर स्किप शूमाकर त्या लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. 84 विजयांसह मार्लिन्स बाद फेरीत गेले. पूर्ण लांबीच्या मोसमात 2003 नंतर हे पहिल्यांदाच घडले. फिलाडेल्फियाने त्यांना दोन सामन्यांत गुंडाळले.

यानंतर मालक ब्रूस शर्मन यांनी अँग यांना आणखी एक वर्ष देऊ केले, पण त्यांच्या डोक्यावर बेसबॉल विभागाचा एक अध्यक्ष बसवण्याचा बेतही आखला. म्हणजे पुन्हा खुर्ची क्रमांक दोन. ऑक्टोबर 2023 मध्ये अँग यांनी नकार दिला. संघ बाद फेरीत नेल्यावर अशी बढती फारशी कोणाला मिळत नाही. पुढच्या मोसमात मार्लिन्स 100 सामने हरले, आणि 30 पैकी एकाही संघाच्या जनरल मॅनेजरच्या जागी स्त्री नव्हती.

अँग आपल्या जुन्या खेळाकडे, सॉफ्टबॉलकडे वळल्या. एप्रिल 2025 मध्ये त्या ॲथलीट्स अनलिमिटेड सॉफ्टबॉल लीगच्या आयुक्त झाल्या. मे महिन्यात मेजर लीग बेसबॉलने या लीगमध्ये गुंतवणूक जाहीर केली आणि 7 जून 2025 रोजी पहिला मोसम सुरू झाला. त्यात चार संघ होते. चारही संघांच्या जनरल मॅनेजर स्त्रिया होत्या.