निरगुडसरच्या पट्ट्यातील व्हॉल्व्ह अँप्लिफायर आणि विद्युतदाब

आंबेगाव तालुक्यातील निरगुडसर आणि शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव, जिथे गावोगावचे कारभारी यात्रेसाठी तमाशाच्या फडांना सुपारी द्यायला येतात, या पट्ट्यात कर्ण्याचा, म्हणजे लाउडस्पीकरचा, इतिहास विजेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर खेडोपाडी तारा पोहोचत गेल्या. परंतु त्याच तारांवर शेतीपंपांचा भार असल्याने पंप चालू असताना दाब 230 व्होल्टच्या बराच खाली येई आणि पंप थांबताच वर चढे.

कर्ण्याला आवाज पुरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात नळीच्या, अँप्लिफायरला हा चढउतार फार बाधतो, कारण फिलामेंट तापवणारे 6.3 व्होल्ट आणि प्लेटला लागणारा सुमारे 300 व्होल्टचा उच्च दाब, ज्याला कारागीर एच.टी. म्हणतात, हे दोन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरमधून निघतात. बाहेरचा दाब 170 वर उतरला की फिलामेंटला जेमतेम 4.7 व्होल्ट मिळून इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जन घटते आणि आवाज बसतो. तो 260 वर गेला की एच.टी. 340 च्या आसपास पोहोचून 350 व्होल्टच्या फिल्टर कंडेन्सरला, म्हणजे एच.टी.तील लहरी सपाट करणाऱ्या भागाला, उसंतच राहत नाही.

गिटारच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरची रचनाही हीच असल्याने दोन्हींतला दोष शोधताना पहिले माप भिंतीवरच्या सॉकेटचे, तेही भार चालू असताना, घ्यावे लागते. त्यानंतर फिलामेंटचा दाब आणि मग आउटपुट व्हॉल्व्ह काढून व लावून एच.टी. मोजली, आणि व्हॉल्व्ह लावताच ती अपेक्षेपेक्षा फार कोसळून प्लेट लालबुंद झाली, तर दोन टप्पे जोडणारा कपलिंग कंडेन्सर गळका होऊन ग्रिडवर, म्हणजे व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, धन दाब सोडत असल्याचा संशय घ्यावा; 100 हर्ट्झची घरघर मात्र बहुधा फिल्टर कंडेन्सर सुकल्याची खूण असते. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरतो, म्हणून तो रेझिस्टरमधून रिकामा केल्याशिवाय आत हात घालू नये.

ट्रान्झिस्टरचा जमाना आल्यावर एच.टी.साठी एसीचे डीसी करणारे रेक्टिफायर व्हॉल्व्ह मिळेनासे झाले आणि त्यांच्या जागी सिलिकॉन डायोड बसवण्याची रीत पडली. हा उपाय स्वस्त, पण अर्धवटच म्हणावा लागेल. कारण 5वाय3 सारखा व्हॉल्व्ह पूर्ण भारावर स्वतःच 50 व्होल्टच्या आसपास गिळतो, डायोड जवळजवळ काहीच गिळत नाही, आणि शिवाय इतर व्हॉल्व्ह तापण्याआधीच पूर्ण एच.टी. चढवतो. जोडीला योग्य रेझिस्टर न घातल्यास आधीच ताणलेले कंडेन्सर त्यामुळे फुटतात.

2005 मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही वीज वितरण कंपनी आली, आणि पुढे गावठाण व शेतीपंपांचे फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, वेगळे करण्याचे काम हाती घेतले गेल्याने पंपांचा भार गावठाणाच्या तारांवरून दूर होऊ लागला.