दातातील ओल आणि दवाखान्यातील घाई

भर पावसाळ्यात भिंतीला रंग देऊ नये, हे किनारपट्टीवरील कोणत्याही रंगाऱ्याला सांगावे लागत नाही. त्याच भिंतीला गिलावा करावयाचा असला की गवंडी मात्र प्रथम तिच्यावर पाणी शिंपतो. कोरडा चिरा गिलाव्यातील पाणी शोषून घेतो आणि गिलावा सुटतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. रंगारी आणि गवंडी यांचे हे परस्परविरोधी नियम आपल्या एकाच दातात एकत्र नांदतात, आणि दातात सिमेंट भरणाऱ्या दंतवैद्याला ते दोन्ही एकाच बैठकीत पाळावे लागतात.

विषय वरवर किरकोळ वाटेल; तो तसा नाही. किडलेल्या दातात पिढ्यान्‌पिढ्या भरली गेलेली ‘चांदी’ वस्तुतः निम्मी पारा असते. पाऱ्याला आवर घालणारा मिनामाता करार 2013 साली झाला, आणि 1 जानेवारी 2025 पासून युरोपीय संघाने अपवादात्मक कारणे वगळता या चांदीचा वापर थांबविला. ती दाताला चिकटत नसे; कोरलेल्या खाचेत ती घट्ट बसे आणि थोडीबहुत ओल सोशी. तिच्या जागी आलेली दाताच्या रंगाची भरणी मात्र सर्वस्वी चिकटण्यावर अवलंबून आहे.

दाताचे बाह्य कवच, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असते. सौम्य केलेले आम्ल लावून ते खरखरीत करावे, धुवावे, वाळवावे, की त्याला राळ घट्ट धरते. मायकेल ब्युओनोकोर यांनी 1955 साली आम्लाचा हा उपाय दाखवून दिला. परंतु कीड आत उतरली म्हणजे गाठ पडते ती डेंटिनशी, आणि ते सुमारे 70 टक्केच खनिज असते. उरलेले बहुतांशी कोलॅजनचे तंतू आणि पाणी. आम्लाने खनिज विरघळले की तंतूंचे जाळे पाण्याच्या आधारावर तरंगत राहते. राळेने त्यात शिरून तंतूंना कवेत घ्यावे, हेच या जोडाचे रहस्य. नोबुओ नाकाबायाशी यांनी 1982 साली ते उलगडले. अशा वेळी हवेच्या झोताने दात ठणठणीत वाळवला तर जाळे कोसळते आणि राळेची वाट बंद होते. पाणी साचू दिले तर राळ त्यात फाटते, पोकळ्या राहतात. म्हणून 1990 नंतर डेंटिन किंचित ओलसर राखण्याची पद्धत रूढ झाली. स्वतःच आम्लाचे काम करणारे नवे चिकटद्रव्य यातून पुष्कळशी सुटका करते. पण त्यालाही थोडे पाणी लागतेच, आणि नंतर ते उडवून लावावेही लागते.

ही ओल शुद्ध पाण्याची असावी. लाळेचा किंवा रक्ताचा एक थेंबही जोड बिघडवू शकतो. शिवाय उच्छ्वासाच्या वाफेमुळे मुखात बारमाही पावसाळाच असतो. त्यावरचा उपाय जुना आहे: दाताभोवती ताणून बसविण्याचा रबराचा पातळ पडदा न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी 1864 सालीच वापरला होता.

प्रश्न आहे तो वेळेचा आणि हाताशी असलेल्या माणसांचा. खाजगी दवाखान्यात पैसे मोजणाऱ्याला रबराचा पडदा, लाळ ओढून घेणारे यंत्र आणि मदतनीस मिळतो. सरकारी दवाखान्यात रांग दारापर्यंत आलेली असताना एकट्या डॉक्टरने कापसाच्या बोळ्यांवर हा मेळ कसा साधावा? सदोष जोड त्याच दिवशी उघडा पडत नाही. काही महिन्यांनी, वर्षांनी कडेने फट पडते, कीड पुन्हा शिरते, आणि एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या गरिबाला दुसरा दिवस बुडवावा लागतो. पारा जावा, याबद्दल दुमत नाही. परंतु जुने सोशिक साहित्य काढून घेताना नव्या नाजूक साहित्याला लागणारी साधने, मनुष्यबळ आणि सवड यांची तरतूद शासनाने त्याच अंदाजपत्रकात करावयास हवी. आणि खुर्चीत बसलेल्या आपणही ‘डॉक्टर, जरा लवकर आटपा’ असे म्हणण्याचा मोह आवरावा. गवंडी भिंत शिंपत असताना त्याला घाई करणारा घरमालक आपल्याच घराचे नुकसान करीत असतो.