कसोटी-स्थितीतील ‘सर्वोत्तम चाल’ : व्याख्येचा प्रश्न

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-कार्यक्रमांचे बळ अजमावण्यासाठी कसोटी-स्थितींचा उपयोग करण्यात येतो. निवडक स्थिती मांडावयाची, ठरावीक वेळ द्यावयाचा, आणि कार्यक्रमाची चाल उत्तरसूचीतील ‘सर्वोत्तम’ चालीशी जुळते की नाही हे पाहावयाचे, अशी ही पद्धती होय. तिचे प्रामाण्य ‘सर्वोत्तम’ या एका शब्दावर अवलंबून आहे.

एर्न्स्ट त्सेर्मेलो यांनी १९१३ साली या खेळाचा गणिती विचार मांडला. त्यानुसार निर्दोष खेळ गृहीत धरल्यास प्रत्येक स्थितीचे मूल्य जय, पराजय वा बरोबरी यांपैकी एकच असते. ते मूल्य टिकविणारी प्रत्येक चाल तत्त्वतः सारखीच चांगली ठरते.

उदाहरणार्थ, पांढरा राजा ई५ वर, त्याचे प्यादे ई६ वर, काळा राजा ई७ वर आणि खेळी काळ्याची, अशी स्थिती घ्यावी. काळ्या राजास डी८, ई८ व एफ८ ही तीनच घरे मोकळी आहेत. ई८ वर गेल्यास डाव बरोबरीत सुटतो. अन्यत्र गेल्यास पांढरा राजा समोर येतो आणि प्याद्याचा वजीर होतो. येथे उत्तर निःसंशय एकच आहे. याउलट एकट्या राजाविरुद्ध राजा व वजीर असता विजय राखणाऱ्या चाली पुष्कळ असतात. त्यांत सर्वांत लवकर मात करणारी चाल हवी असल्यास तो निराळा निकष होय, व तो आधीच सांगितला पाहिजे.

इव्हान ब्रात्को व डॅनी कोपेक यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या कसोटीत २४ स्थिती आहेत : निम्म्या डावपेचांच्या, निम्म्या प्याद्यांच्या रचनेस धक्का देणाऱ्या चालींच्या. उत्तर देणाऱ्यास पसंतीक्रमाने चार चाली सांगता येतात. योग्य चाल ज्या क्रमांकावर असेल त्याप्रमाणे १, १/२, १/३ किंवा १/४ गुण मिळतो. या योजनेने उत्तर देणाऱ्याच्या संदेहाची दखल घेतली जाते. परंतु उत्तरसूचीच सदोष असेल तर तिचा उपयोग नाही. सूचीबाहेरची तितकीच चांगली चाल शोधणारा कार्यक्रम अशा वेळी दुर्बल ठरतो, आणि मापनाचे साधनच दिशाभूल करते.

राजांसह सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची सिझिजी कोष्टके २०१८ साली पूर्ण झाली. तेथे उत्तर निश्चितपणे पडताळता येते. त्यापलीकडे मात्र तज्ज्ञांचा निर्णय वा दीर्घ गणना हाच आधार होय. म्हणून एकच चाल मूल्य राखीत असेल तेथेच तिला सर्वोत्तम म्हणावे. अनेक असतील तर त्या सर्व नोंदवाव्यात. एखादीच घातक असेल तर ‘टाळावयाची चाल’ म्हणून तिचाच निर्देश करावा. आणि संशय फिटत नसेल ती स्थिती कसोटीतून वगळावी.