घरी कोण असतं?

बदलापूर लोकल बदलापूरलाच संपते. वांगणीला उतरायचं तर कर्जत नाहीतर खोपोली गाडीच धरावी लागते. बाल न्याय मंडळाच्या कामासाठी गृहभेटीला जाताना मी सकाळची गाडी पकडतच नाही, कारण सकाळी दाराला कुलूप असतं. आई भेटायला हवी असेल तर रात्री आठनंतरच जावं.

कामाचं स्वरूप असं. अठराच्या आतल्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं की २४ तासांत मंडळापुढे हजर करायचं आणि तिथून १५ दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, हे २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच आहे. अहवालाचा नमुनाही ठरलेला. घरातल्या माणसांचा तक्ता, त्यांचे धंदे, सवयी, शाळा का सुटली, मित्र कोण. मग नाती: वडील आणि आई, वडील आणि मूल, आई आणि मूल. प्रत्येकापुढे पर्याय तीनच, सलोख्याचे, बेबनावाचे, माहीत नाही. वडील घर सोडून गेलेले असतील तर यातलं काय निवडायचं हे मला अजून उमगलेलं नाही. पुढे गुन्ह्याचं कारण विचारलंय आणि उदाहरणादाखल पालकांचं दुर्लक्ष, मित्रांचा प्रभाव वगैरे छापूनच दिलंय. आई एकटी असली की पेन आपसूक ‘दुर्लक्षा’कडे वळतं. तिथेच सांभाळावं लागतं.

वांगणीतल्या या घरातल्या मुलाचा तपशील मी मुद्दाम बदलला आहे, कायद्याचं कलम ७४ तसंच सांगतं. चाळीतली एक खोली, मोरी आतच, माळ्यावर अंथरुणं. मुलगा दोन मोठ्या पोरांबरोबर चालत्या गाडीच्या दारातला मोबाइल हिसकावताना सापडलेला. एकटा असता तर इतक्याशा गुन्ह्यात ठाण्याच्या डायरीत नोंद होऊन भागलं असतं. सोबत सज्ञान होते म्हणून एफआयआर झाला. वडील घर सोडून गेलेले. आई अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत पॅकिंगला. पहाटे पाणी भरून, डबा करून निघते.

अहवालात नसलेली एक गोष्ट मी नेहमी करते. कागदाच्या पाठीवर मुलाच्या दिवसाचे तास मांडते आणि प्रत्येक तासापुढे घरात मोठं माणूस कोण, ते लिहिते.

“शाळा कधी सुटते, ताई?”

“साडेबाराला. मी जेवणाच्या सुट्टीत फोन करते की. म्हणतो, घरीच आहे.”

“आणि तेव्हा घरी कोण असतं?”

“आता कोण असणार, मॅडम?”

साडेबारा ते आठ. रकाना कोरा.

शेजाऱ्यांचं म्हणणंही नोंदवावं लागतं. वांगणीत दृष्टिहीनांची शेकडो कुटुंबं आहेत. इथलं भाडं परवडतं, आणि लोकलमध्ये वस्तू विकायचा धंदा बऱ्याच जणांचा. या खोलीला लागून असेच एक गृहस्थ राहतात. भिंत सामाईक. ते म्हणाले, “दीडला कडी वाजते, मग ताटाचा आवाज. टीव्ही. आधी पोरगं झोपायचं. गणपतीनंतर तीनच्या सुमाराला एक मोटरसायकल यायला लागली, सायलेन्सर काढलेली. ती आली की टीव्ही बंद, कडी बंद. परत येतो तो आई यायच्या जरा आधी.” इतकी तासवार साक्ष मला डोळस शेजाऱ्यांकडून क्वचितच मिळाली आहे. डोळस शेजारी म्हणतात, ‘चांगला मुलगा होता, आई लक्ष देत नाही.’

बापाविना पोर बिघडतं, हे आपल्याकडे सिद्ध झाल्यासारखंच बोललं जातं. दक्षिण लंडनमधल्या ४११ मुलग्यांचा माग १९६१ पासून कित्येक वर्षं काढला गेला. घर फुटलेल्यांत गुन्हे जास्त निघाले, हे खरं. पण एकत्र राहून सतत भांडणाऱ्या आईबापांच्या घरांतही ते जवळपास तितकेच निघाले, आणि घर फुटल्यावर आईपाशीच राहिलेली मुलं सलोख्याच्या घरांतल्या मुलांसारखीच निघाली. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाला हा प्रश्नच पडलेला नाही. ताब्यातली मुलं आईवडिलांबरोबर राहत होती, दुसऱ्या कुणा पालकाकडे की बेघर होती, एवढंच तिथे मोजतात. दरवर्षी बहुसंख्य मुलं पहिल्या रकान्यातच असतात. एकट्या आईचा रकाना नाही.

तरी निरीक्षणगृहात एकट्या आयांची मुलं जास्त दिसतात, असं काम करणारे सांगतात. दिसणारच. कलम १२ प्रमाणे जामीन हाच नियम आहे, पण मुलाला न्यायला कुणीतरी यावं लागतं. ज्याचा बाप, काका, ओळखीचा नगरसेवक तासाभरात हजर होतो, ते पोर रात्री घरी जेवतं. ही बाई शिफ्ट सुटल्यावर पोचली, तोवर मुलगा भिवंडीच्या निरीक्षणगृहात. वांगणीहून कल्याण, तिथून भिवंडी, प्रत्येक तारखेला तिचा एक खाडा. दोन तारखा चुकल्या की ‘आईचं नियंत्रण नाही’ असा शेरा पडतो, आणि तोच पुढे मुलाला आत ठेवायला कारण होतो. एकटेपणाची शिक्षा अशी आधी होते, आणि मग आपण तिचा गुन्ह्याशी संबंध शोधत बसतो.

मी कारणापुढे लिहिलं: दुपारी घरात प्रौढ व्यक्ती नाही, सज्ञान मुलांची संगत. शिफारस: घरीच, देखरेखीखाली. सोबत बालसंगोपन योजनेचा अर्ज. महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईचं मूल त्यात बसतं. त्यातून शेजारच्या गल्लीतल्या क्लासची फी निघेल, म्हणजे तीन ते सहा मुलगा कुणाच्या तरी नजरेखाली राहील.

अडलं ते कागदावर. नवरा जिवंत, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. घटस्फोट घेतलेला नाही, म्हणून कोर्टाचा हुकूम नाही. रेशनकार्डावर त्याचं नाव अजून पहिलं. “तो नाही याचा पुरावा कुठून आणू?” ती विचारत होती. शेजाऱ्यांचा जबाब आणि तिचं प्रतिज्ञापत्र लावून पाठवू, असं ठरलं. प्रतिज्ञापत्रासाठी तिला आणखी एक खाडा करावा लागणार होता. शुक्रवारी करते म्हणाली, शुक्रवारी एमआयडीसीला वीज नसते.