जैसलमेर : सोनेरी तटामागचे नांदते शहर

थरच्या वाळवंटात, जोधपूरपासून सुमारे २८० किलोमीटर पश्चिमेकडे असलेले जैसलमेर हे राजस्थानातील सर्वाधिक छायाचित्रे टिपली जाणारे शहर म्हणावे लागेल. पिवळ्या वालुकाश्मात घडवलेला येथील किल्ला सकाळी फिकट मधाच्या रंगाचा दिसतो, तर सूर्य मावळताना सोन्यासारखा झळाळतो. मात्र या किल्ल्याचे वेगळेपण केवळ त्याच्या रंगात नाही. देशातील बहुतेक किल्ले आता पाहण्यापुरते उरले असताना जैसलमेरच्या तटबंदीच्या आत आजही काही हजार लोक राहतात. त्यामुळे येथे येणारा पर्यटक एखाद्या स्मारकात नव्हे, तर एका नांदत्या वस्तीत पाऊल ठेवत असतो.

भाटी राजपूत घराण्यातील रावल जैसल यांनी इ. स. ११५६ मध्ये या किल्ल्याची पायाभरणी केली. त्यापूर्वीची राजधानी लोद्रवा ही सपाट प्रदेशात असल्याने शत्रूच्या आक्रमणांपासून सुरक्षित नव्हती. त्यामुळे सुमारे ७५ मीटर उंचीच्या त्रिकूट टेकडीची निवड करण्यात आली. मध्य आशिया आणि सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या काफिल्यांचा मार्ग येथून जात असे आणि त्यावरील जकातीतून शहराला वैभव प्राप्त झाले. पुढे मुंबई बंदराच्या उदयाबरोबर व्यापार समुद्रमार्गाकडे वळला आणि १९४७ च्या फाळणीने उरलेसुरले खुष्कीचे मार्गही बंद झाले. आज शहराची अर्थव्यवस्था मुख्यतः पर्यटनावर अवलंबून आहे.

या नव्या ओळखीत चित्रपटाचाही वाटा आहे. सत्यजित राय यांनी आपल्याच कादंबरीवरून १९७४ मध्ये ‘सोनार केल्ला’ हा बंगाली चित्रपट तयार केला. पूर्वजन्मीच्या सोनेरी किल्ल्याची आठवण सांगणाऱ्या मुलाची ही कथा येथेच चित्रित झाली. त्या चित्रपटातील जागा शोधत बंगालमधील पर्यटक आजही येथे येतात.

कोठे आणि केव्हा पाहावे

किल्ल्यात प्रवेश करताना अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि हवा पोल असे चार दरवाजे ओलांडावे लागतात. दरवाजांमधील चढणीची वाट मुद्दाम वळणावळणाची ठेवली आहे, जेणेकरून हत्ती किंवा घोडदळाला वेगाने मुसंडी मारता येऊ नये. तटावर रचून ठेवलेले दगडी गोळे हे शोभेसाठी नसून चढून येणाऱ्या शत्रूवर लोटण्यासाठी होते. शेवटच्या दरवाजातून पर्यटक दशहरा चौकात येतो. समोर राजमहालाचे झरोके दिसतात आणि डाव्या-उजव्या बाजूंना अरुंद गल्ल्या फुटतात. या गल्ल्यांमध्ये काही अंतरावर असलेली जैन मंदिरे प्रामुख्याने पंधराव्या आणि सोळाव्या शतकांतील असून तेथील प्राचीन ज्ञानभांडार ताडपत्री व हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध आहे. मंदिरांत चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत, हे कॅमेऱ्याची चामडी पिशवी बाळगणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

छायाचित्रणासाठी ऑक्टोबर ते मार्च हा काळ अनुकूल मानला जातो. शहराच्या आग्नेयेस असलेल्या गडीसर तलावावर सूर्योदयापूर्वी पोहोचल्यास पाण्यातील छत्र्या आणि त्यांची प्रतिबिंबे टिपता येतात. संपूर्ण किल्ला एकाच चौकटीत हवा असेल, तर संध्याकाळी शहराच्या वायव्येकडील व्यास छत्रीच्या परिसरात जावे. मावळतीचे ऊन तेथून पाहणाऱ्याच्या पाठीमागून थेट तटावर पडते. किल्ल्याखालच्या शहरातील पटवांच्या पाच हवेल्या अरुंद गल्लीत आहेत. तेथे सकाळ-संध्याकाळ सावली असते. सूर्य माथ्यावर आला की झरोक्यांवरील कोरीवकाम उठून दिसते. १८८५ च्या सुमाराची नथमलची हवेली दोन भावांनी एकेक बाजू वाटून घेऊन कोरल्याचे सांगितले जाते. दोन्ही बाजू प्रथमदर्शनी सारख्या भासतात, पण लक्षपूर्वक पाहिल्यास तपशिलांतील फरक जाणवू लागतो.

पाण्याचे संकट

या देखण्या वास्तूसमोरील सर्वांत मोठा धोका, वाळवंटात विचित्र वाटेल असा, पाण्याचा आहे. येथे वर्षाकाठी २० सेंटीमीटरहूनही कमी पाऊस पडतो. किल्ला बांधला गेला तो हे गृहीत धरूनच. तटाचे दगड बहुतांशी चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले आहेत आणि जुन्या घरांची छपरे लाकडी तुळयांवर माती पसरून केलेली आहेत. शतकानुशतके स्त्रिया गडीसरहून डोक्यावर घागरी वाहून आणत. त्या काळी पाण्याचा थेंबही वाया जात नसे.

विसाव्या शतकात नळ आले, त्यापाठोपाठ स्नानगृहे आणि शौचालये आली. पर्यटन वाढले, तशी किल्ल्यातील अनेक घरांची अतिथीगृहे झाली आणि पाण्याचा वापर कित्येक पटींनी वाढला. सांडपाणी वाहून नेणारी व्यवस्था मात्र अपुरी पडली. गळतीचे पाणी टेकडीतील वालुकाश्म आणि चिकणमातीच्या थरांत मुरत गेले. ओली झालेली माती फुगते, वाळल्यावर आकसते आणि तिच्यावर उभ्या असलेल्या भिंती सरकू लागतात. किल्ल्याच्या ९९ बुरुजांपैकी काही बुरूज गेल्या काही दशकांत ढासळले आहेत. १९९६ मध्ये जागतिक स्मारक निधीने संकटग्रस्त वास्तूंच्या पहिल्याच यादीत जैसलमेरचा समावेश केला. त्यानंतर सांडपाण्याच्या वाहिन्या सुधारण्याची आणि तटाच्या दुरुस्तीची कामे झाली. २०१३ मध्ये राजस्थानातील अन्य पाच डोंगरी किल्ल्यांसह त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये मुसळधार पावसात तटाचा काही भाग कोसळला आणि प्रश्न कायम असल्याचे स्पष्ट झाले.

रहिवाशांना खाली हलवावे, असा उपाय अधूनमधून सुचवला जातो. परंतु येथील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राजघराण्याच्या सेवेत होती आणि हीच त्यांची घरे आहेत. त्यांची उपजीविकाही पर्यटकांवरच चालते. शिवाय माणसे नसतील तर हा किल्ला इतर अनेक किल्ल्यांसारखा ओस वास्तू होईल. ज्या जिवंतपणाचे छायाचित्र घेण्यासाठी लोक येतात, तोच तेथे उरणार नाही.

म्हणूनच पर्यटकाच्या साध्या निर्णयांना येथे महत्त्व आहे. मुक्कामासाठी तटाबाहेरच्या शहरातील निवासस्थान निवडल्यास टेकडीवरील पाण्याचा भार कमी होतो. दिवसा किल्ल्यात फिरून तेथील दुकानदार, वाटाडे आणि कारागीर यांच्याकडे खर्च केल्यास रहिवाशांचे उत्पन्नही टिकते. दारात बसलेल्या वृद्धाचे किंवा अंगणातील स्त्रियांचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्यांची अनुमती विचारावी. हा सीमावर्ती जिल्हा असल्याने ड्रोन वापरण्यापूर्वी आवश्यक परवानग्या घ्याव्यात. साडेआठशे वर्षांहून अधिक काळ उन्हाला आणि आक्रमणांना तोंड देत उभा राहिलेला हा तट पुढेही टिकावा, यासाठी पाहुण्यानेही आपल्या वाट्याचे पाणी जपून वापरणे आवश्यक आहे.