चकोर, चढण आणि बंदुकीचा धक्का

चंद्रकिरण पिऊन जगणारा चकोर मराठी माणसाला ओव्या-अभंगांतून ठाऊक आहे. प्रत्यक्षातला चकोर गवताचे बी, कोवळे कोंब आणि किडे खातो. लाल चोच, डोळ्यांवरून गळ्यापर्यंत उतरणारी काळी पट्टी, कुशीवर ठळक पट्टे आणि अर्ध्या किलोहून थोडे अधिक वजन. हिमालयाच्या कोरड्या उतारांपासून पश्चिम आशियापर्यंत तो आढळतो. पाकिस्तानचा तो राष्ट्रीय पक्षी आहे. १८९३ मध्ये कराचीहून त्याच्या काही जोड्या अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात नेल्या गेल्या. पुढे इतरत्रही तो सोडण्यात आला आणि नेवाडाच्या रखरखीत डोंगरांत खऱ्या अर्थाने रुजला. तिथे १९४७ मध्ये त्याच्या शिकारीचा पहिला हंगाम खुला झाला. आज चकोरामागे डोंगर तुडवणारे शिकारी दर शरद ऋतूत तिथे जातात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी, असे माझे ठाम मत आहे. नेवाडात मात्र हा पक्षी बाहेरून आणलेला आहे आणि शिकार परवाना, हंगाम व दिवसाची मर्यादा यांच्या चौकटीत चालते. तिथल्या शिकाऱ्याला पडणारा एक प्रश्न भौतिकशास्त्राच्या दृष्टीने फार सुंदर आहे. अर्धस्वयंचलित छर्ऱ्याची बंदूक घ्यायची, तर कोणती?

चकोर धोका दिसला की चढावर पळतो आणि उडताना उताराकडे झेपावतो. त्यामुळे माणसाला दिवसभर कड्याकपाऱ्यांतून चढावे लागते आणि नेम धरायची वेळ येते तेव्हा पक्षी पायांच्या खाली, दूर जात असतो. दिवसाचे सात-आठ तास बंदूक हातात असते. चाप ओढला जातो तो क्षणभर. चालणाऱ्याला हलकी बंदूक हवी असते आणि खांद्याला जड. या रस्सीखेचीतच निवडीचे सगळे मर्म आहे.

हिशोब सोपा आहे. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसातून सुमारे ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ३७० मीटर वेगाने बाहेर पडतात. छर्ऱ्यांमागची डाट आणि जळलेल्या दारूचा वायू यांचा संवेग त्यात मिळवला, की तेवढाच संवेग उलट्या दिशेने बंदुकीला मिळतो. ३.६ किलोची बंदूक असेल तर ती सेकंदाला चार मीटरच्या आसपास वेगाने मागे येते आणि खांद्यावर साधारण ३० ज्यूल ऊर्जा सोपवते. तीच बंदूक २.८ किलोची केली तर वेग पाचाच्या पुढे आणि ऊर्जा ३८ ज्यूलच्या घरात जाते. संवेग तोच राहतो, पण वस्तुमान घटले की ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. यातून पळवाट नाही. कोणतीही यंत्रणा हा संवेग नाहीसा करू शकत नाही. तो खांद्यापर्यंत कसा आणि किती वेळात पोहोचेल, एवढेच तिच्या हाती असते.

जॉन ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाने हाच धक्का कामाला लावला. त्याच्या बंदुकीचे पेटंट १९०० चे. विंचेस्टर कंपनीशी त्याचे जमले नाही. रेमिंग्टनच्या प्रमुखांची, मार्सेलस हार्टली यांची, भेट ठरली आणि त्याच दिवशी, जानेवारी १९०२ मध्ये, हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाले. मग ब्राउनिंग समुद्र ओलांडून बेल्जियमच्या एफएन कारखान्यात गेला. तिथे बनलेली ऑटो-५ जवळजवळ शतकभर निघत राहिली. तिच्यात बार उडाला की नळी आणि तिचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट एकमेकांना धरून पूर्ण मागे सरकतात; नळी आधी पुढे परतते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि मग बोल्ट नवे काडतूस घेऊन पुढे येतो. नळीखालच्या, काडतुसे साठवणाऱ्या नलिकेभोवतीच्या स्प्रिंगवर घर्षणाची कडी असते. हलक्या आणि भारी काडतुसांसाठी तिची मांडणी हाताने बदलावी लागते. ती चुकीची राहिली तर जड काडतूस लाकडी दस्त्यावर आघात करत राहते आणि कालांतराने दस्त्याला तडा जातो.

१९६३ मध्ये आलेली रेमिंग्टन ११०० दुसऱ्या वाटेने गेली. नळीला बारीक छिद्रे असतात. छर्रे तिथून पुढे सरकले, की थोडा तप्त वायू छिद्रांतून सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टन बोल्ट उघडतो. यात एक बारकावा आहे. हा वायू पिस्टनला मागे रेटताना सिलिंडरच्या समोरच्या भिंतीलाही पुढे रेटतो आणि ती भिंत नळीला जोडलेली असते. म्हणजे बंदुकीची मागे येण्याची सुरुवातच थोडी मंदावते. बोल्टने घेतलेला वाटा तो मागे जाऊन थांबतो तेव्हा, क्षणभराने, खांद्यापर्यंत येतो. एकूण धक्का तेवढाच, पण एका ठोशाऐवजी लांबलेला रेटा जाणवतो. याची किंमत म्हणजे पुढच्या बाजूचे जादा वजन आणि सिलिंडरवर साचणारी काजळी. कडाक्याच्या थंडीत ती काजळी तेलात मिसळून चिकट होते आणि पिस्टन अडखळू लागतो.

तिसरी रीत जडत्वाची आहे. ब्रुनो चिवोलानी यांची ही कल्पना इटलीत १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बेनेली कंपनीने रूढ केली. बोल्टचे डोके नळीला कुलूप घालून बसते. त्याचे जड धड मागे मोकळे असते आणि दोघांमध्ये एक आखूड, ताठ स्प्रिंग असते. बार उडाला की सगळी बंदूक मागे येते, पण जड धड जागचे हलायला तयार नसते. बस एकदम सुटली की उभ्या प्रवाशाचे होते तेच. बंदूक मागे, धड जागेवर, त्यामुळे मधली स्प्रिंग दाबली जाते. ती सुटते तेव्हा छर्रे नळीबाहेर पडून दाब ओसरलेला असतो. सुटलेली स्प्रिंग धडाला मागे फेकते, डोके वळते, कुलूप निघते. ना छिद्रे, ना पिस्टन, ना काजळी. बंदूक सडपातळ राहते. १२ बोअरमध्येही २.८ किलोच्या आसपासच्या बंदुका मिळतात.

ही यंत्रणा बंदूक पुरेशा वेगाने मागे आली तरच चालते. म्हणून तिला जादा वजन लटकवले किंवा फार हलके काडतूस भरले, तर स्प्रिंग पुरती दाबली जात नाही आणि पुढचा बार अडतो. आणखी एक खोड आहे. चढताना आवाज नको म्हणून बोल्ट हाताने हळूच पुढे सोडला, किंवा दस्ता दगडावर आपटला, तर बोल्टचे डोके पूर्ण वळून बसत नाही. बाहेरून सगळे ठीक दिसते. चाप ओढला की नुसता ‘टक्’ आवाज येतो. माहीतगार माणूस बोल्ट नेहमी पूर्ण ताकदीने सोडतो आणि चालताना त्याच्या मुठीवर अधूनमधून अंगठा दाबून पाहतो.

मग घ्यावी कोणती? सपाट शेतातल्या शिकारीसाठी मी वायूच्या यंत्रणेला पसंती देईन. तिथे अर्धा किलो जास्त वजन खटकत नाही. चकोराच्या डोंगरावर जडत्वाची बंदूक उजवी, पण १२ ऐवजी २० बोअरची. बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद: एका पौंड शिशाचे समान १२ गोळे केले तर प्रत्येकाचा व्यास १८.५ मिलिमीटर येतो, २० केले तर १५.६. वीस बोअरची २.६ किलोची बंदूक २५ ग्रॅम छर्रे टाकते तेव्हा खांद्यावर सुमारे २५ ज्यूल येतात, म्हणजे पूर्ण किलोभर जड असलेल्या बारा बोअरपेक्षाही कमी. छर्रे कमी झाले हे खरे, पण अर्धा किलोच्या पक्ष्यासाठी ३० मीटरपर्यंत ते पुरतात. त्यापुढे बार न टाकणे हेच बरे. जखमी होऊन कपारीत शिरलेला चकोर सहसा सापडत नाही.

हलक्या नळीचा एक तोटा नेमात दिसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने आडवा जाणारा पक्षी ३० मीटरवर असेल, तर छर्रे पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि तेवढ्यात पक्षी पावणेदोन मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून बंदूक फिरती ठेवूनच चाप ओढायचा असतो. हलकी नळी चटकन फिरू लागते, तशीच चटकन थांबते. यासाठी २६ ऐवजी २८ इंची नळी घ्यावी. पुढे सरकलेले थोडेसे वजन फिरकी टिकवते. खाली झेपावणाऱ्या चकोराच्या तर वरून छर्रे जातात, आणि दस्ता अंगाला नीट बसत नसेल तर ही चूक दुप्पट होते. या बंदुकीला मागचा नेमबिंदू नसतो. ते काम डोळाच करतो. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकला पाहिजे. अनेक कंपन्या दस्त्याची उंची-वळण बदलण्यासाठी पातळ चकत्या सोबत देतात. नक्षीकामावर पैसे घालण्यापेक्षा त्या बसवून घेण्यात अर्धा दिवस घालवावा.

सुरक्षेबाबत अर्धस्वयंचलित बंदूक दुनळीपेक्षा कडक शिस्त मागते. मधोमध मोडलेली दुनळी रिकामी आहे हे सोबत्याला दुरूनही दिसते. इथे बार झाला की पुढचे काडतूस आपोआप नळीत चढलेले असते. घसरड्या दगडांवर पाय टाकण्याआधी ते काढलेच पाहिजे.

राहिला प्रश्न छर्ऱ्यांचा, आणि माझ्या मते तो यंत्रणेहून मोठा आहे. दाणे दळण्यासाठी चकोर खडे गिळतो. शिशाचा छर्रा त्याला खड्यासारखाच दिसतो; पेषणीत तो झिजतो, आम्लात विरघळतो आणि रक्तात उतरतो. पश्चिम अमेरिकेतल्या चकोरांच्या पेषणीत असे छर्रे सापडले आहेत. शिसे पोटात असलेली शिकार किंवा तिचे अवशेष खाणाऱ्या गिधाडवर्गी कॅलिफोर्निया काँडरचे हाल तर जगजाहीर आहेत. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिसे पूर्ण बंद केले. पोलादी छर्रा वजनाला हलका असल्याने हवेत लवकर मंदावतो. त्यावर उपाय म्हणून दोन नंबर मोठा छर्रा घेतात: शिशाच्या सहा नंबरऐवजी, म्हणजे २.८ मिलिमीटरऐवजी, पोलादाचा चार नंबर, ३.३ मिलिमीटरचा. पोलाद मऊ नाही, नळीत चेपत नाही, त्यामुळे छर्ऱ्यांचा झोत दाट राहतो आणि नळीच्या तोंडाचे आवळण कमी ठेवता येते. जुन्या बेल्जियन ऑटो-५ च्या नळीत मात्र तो भरू नये. पोलादासाठी ती नळी बनलेलीच नव्हती.

खरेदीआधी हवे ते काडतूस त्याच बंदुकीतून सलग २५ वेळा उडवून पाहावे, म्हणजे यंत्रणा त्यावर चालते की नाही ते कळते. मग ३० मीटरवर मोठा कागद लावून एक बार टाकावा, छिद्रांच्या दाट भागाभोवती ७५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून ती मोजावीत. चकोर मावेल एवढ्या रिकाम्या जागा दिसल्या, तर आवळण बदलून पुन्हा कागद लावावा.