कुंभाराचं गाढव आणि मणक्यातली 'गॅप'



मागच्या व्याख्यानात आपण 'कारण कशाला म्हणायचं' हा प्रश्न न्यायशास्त्राच्या अंगाने पाहिला. आज तोच प्रश्न पाठदुखीला लावून पाहू. विषय आम्ही मुद्दाम निवडलाय. वडाळ्याला पाठदुखी नवीन नाही. गोदीत ओझी उचललेली माणसं इथल्या पोर्ट ट्रस्टच्या वसाहतींत राहिली, ट्रक टर्मिनलवर ड्रायव्हर मंडळी आहेत, आणि आता दहा-दहा तास संगणकापुढे बसणारी नवी पिढी आहे. इथल्या मंदिरातला विठोबा कमरेवर हात ठेवून उभा आहे तो भक्तांसाठी; आपण ठेवतो ते कळ येते म्हणून. (हशा)

या कळेवर हल्ली एक उपचार सुचवला जातो : 'नॉन-सर्जिकल स्पायनल डीकंप्रेशन'. म्हणजे ऑपरेशनशिवाय मणक्यावरचा दाब कमी करणं. आमच्या नावामागे 'डॉक्टर' लागतं, पण ते तत्त्वज्ञानाचं. त्यामुळे कोणी काय उपचार घ्यावा हे आम्ही सांगणार नाही. एखादा दावा कसा तपासावा, एवढं मात्र सांगू शकतो.

आधी शब्द साफ करून घेऊ. आपण म्हणतो, 'मणक्यात गॅप आली.' गंमत अशी, की बहुतेक वेळा घडलेलं असतं ते उलट. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, डिस्क म्हणतात तिला. बाहेरून चिवट कडं, आत मऊ गर. वय वाढतं तसं या गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते, म्हणजे अंतर कमी होतं. कधी कड्याला चीर पडते, गर बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूला लागतो. मग कळ कमरेतून पायात उतरते. तिला आपण सायटिका म्हणतो. सरकलेली गादी आणि पायातली कळ यांचा हा संबंध मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ मध्ये ठळकपणे मांडला. त्यानंतर 'दाब आहे, तर दाब काढा' हा विचार सगळ्यांना पटू लागला.

ओढून दाब काढण्याची कल्पना मात्र फार जुनी. हिपोक्रॅटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक ग्रंथांत माणसाला फळीवर बांधून दोन्हीकडून ताणायचं वर्णन आहे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना इस्पितळातला पलंग आठवत असेल : कमरेला पट्टा, पायथ्याशी कप्पी, तिला लटकवलेली वजनं. 'ट्रॅक्शन लावलंय' म्हणायचे. आजच्या यंत्रात हेच काम मोटर आणि संगणक करतात. छातीला एक पट्टा, कमरेला एक. टेबलाचा खालचा भाग सरकतो, ठरावीक जोराने ओढतो, सैल सोडतो, पुन्हा ओढतो. एक बैठक साधारण अर्ध्या तासाची, आणि अशा वीस-पंचवीस बैठकांचं पॅकेज.

दावा काय असतो? ताणामुळे गादीच्या आत ऋण दाब तयार होतो, बाहेर आलेला गर आत ओढला जातो, पाणी आणि पोषण आत शिरतं. यातला पहिला भाग हवेतला नाही. १९९४ मध्ये एका शोधनिबंधात अशा टेबलावरच्या रुग्णांच्या गादीतला दाब मोजला होता आणि तो खरोखर खाली गेला होता. पण रुग्ण मोजकेच, आणि मोजला तो दाब. रुग्णाचं दुखणं सहा महिन्यांनी कुठे होतं, हा प्रश्न वेगळा. आडवं झाल्यावरही गादीवरचा दाब कमी होतोच. रात्रभर झोपून उठलो की आपण आदल्या संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो, कारण गाद्यांनी पाणी शोषलेलं असतं. हे डीकंप्रेशन आपल्याला रोज फुकट मिळतं. (हशा) दिवसभर उभं राहिलो की ते पाणी पुन्हा निघून जातं.

आता मुख्य मुद्दा. शेजारचे काका सांगतात, 'वीस बैठका घेतल्या आणि पाय मोकळा झाला.' काका खोटं बोलत नाहीत. पाय मोकळा झाला, हे खरंच आहे. प्रश्न आहे तो 'आणि' या शब्दाचा.

विश्वनाथ पंचाननांच्या 'भाषापरिच्छेदा'त घटाचं प्रसिद्ध उदाहरण येतं. घडा तयार होण्याआधी काय काय असतं? माती, चाक, दांडा, कुंभार. पण माती वाहून आणणारं गाढवही असतं, आणि कुंभाराचा बापही कधीतरी असलेलाच असतो. मग गाढव घड्याचं कारण का नाही? कारण गाढवाशिवायही घडा होतो. आधी असूनही कार्याशी ज्याचा खरा संबंध नाही, त्याला नैयायिक 'अन्यथासिद्ध' म्हणतात.

मग काकांच्या बाबतीत यंत्र हे चाक की गाढव? एकट्या काकांकडे पाहून हे कळणारच नाही. कारण सायटिकाचं दुखणं बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप ओसरतं. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, आणि मोठा तुकडा सुटून आलेला असेल तर तो शोषला जाण्याची शक्यता उलट जास्त असते. माणूस उपचाराला जातो तो कळ शिगेला पोचलेली असताना. तिथून दीड महिना मोजला, तर काहीही केलं तरी बऱ्याच जणांना उतारच दिसणार.

म्हणून अन्वयाबरोबर व्यतिरेकही तपासावा लागतो. यंत्र होतं तेव्हा काय झालं, आणि यंत्र नव्हतं तेव्हा काय झालं? आधुनिक वैद्यक हेच करतं : चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे दोन गट पाडायचे आणि एकालाच ताण द्यायचा. कंबरदुखीतल्या ट्रॅक्शनवरच्या अशा ३२ चाचण्या कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये एकत्र तपासल्या. निष्कर्ष असा, की ट्रॅक्शनने दुखण्यात किंवा कामावर परतण्यात फरक पडतो तो अगदी थोडा, किंवा पडतच नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखी-सायटिकासाठी ट्रॅक्शन देऊ नये असंच सांगितलं. मानेचं चित्र थोडं वेगळं आहे. हातात कळ उतरत असेल आणि व्यायामाच्या जोडीला मानेचं ट्रॅक्शन दिलं, तर काही अभ्यासांत फायदा दिसला आहे; सगळ्यांत नाही.

यावर उत्तर मिळतं : 'ते जुनं ट्रॅक्शन, आमचं वेगळं.' इथे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने कान टवकारावेत. अमेरिकेत या यंत्रांना विक्रीची परवानगी मिळाली ती 'पॉवर्ड ट्रॅक्शन' याच वर्गात, आधीच्या यंत्रांशी साम्य दाखवून. सरकारपुढे 'आम्ही तेच', आणि गिऱ्हाइकापुढे 'आम्ही वेगळे' : दोन्ही एकदम कसं चालेल?

दुसरी भीती एमआरआयची. अहवालात 'डिस्क बल्ज' वाचलं की माणूस अर्धा खचतो आणि पॅकेजवर सही करतो. २०१५ मध्ये पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांचे स्कॅन एकत्र तपासले गेले. पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांत बल्ज होताच! केस पिकतात तशी गादीही पिकते. चित्र आणि दुखणं जुळतंय का, हे हाताने तपासणारा डॉक्टरच सांगू शकतो.

मग करायचं काय? चालतं-फिरतं राहणं, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, गरजेपुरती औषधं आणि धीर. भारतातली पहिली फिजिओथेरपीची शाळा १९५३ मध्ये इथून जवळच, परळच्या केईएममध्ये सुरू झाली. केईएम काय, सायन काय, दोन्हीकडे हा विभाग आहे. कर्ज काढण्याआधी तिथे केसपेपर काढून बघावा.

श्रोत्यांमधून प्रश्न : सर, माझ्या सासूबाईंनी निम्मं पॅकेज पूर्ण केलंय. त्यांना बरं वाटतंय. थांबवू का?

बरं वाटतंय ही चांगलीच गोष्ट आहे, बाई. ते त्यांच्याकडून हिरावून घेऊ नका. पण तीन गोष्टी विचारा. हाडं ठिसूळ आहेत का, हे तपासलंय का? ठिसूळ हाडं, फ्रॅक्चर, गाठ किंवा संसर्ग असेल, तर ताण देणं धोक्याचं. दुसरं, सोबत व्यायाम शिकवलेत का? आणि तिसरं, पुढच्या पॅकेजचे पैसे आत्ताच मागताहेत का?

एक मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, मांड्यांच्या आतली, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद जाऊन पाऊल लुळं पडलं, तर त्या दिवशी ना यंत्र, ना व्यायाम, ना आमचं व्याख्यान. थेट मोठ्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जायचं. तिथे काही तासांचा उशीरही महागात पडतो, आणि ऑपरेशन हाच तेव्हा सौम्य उपाय असू शकतो.

पुढच्या वेळी 'प्रमाण' या शब्दाकडे वळू.